माझदा आरएक्स-७ : आधी गारवा, मग ताकद

ज्यांच्या घरी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्यांना पेट्रोलपंपावरचं ते दृश्य आठवत असेल. आधी टाकीत मापाने टूटी ऑइल पडायचं, वरून पेट्रोल, मग बाबा स्कूटर दोन्ही बाजूंना हलवून दोन्ही नीट मिसळायचे. ऑइल टाकायला विसरलं की इंजिन जाम होणार, हे घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत असायचं.

जपानमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आजही काही लोक पेट्रोल भरताना आपल्या गाडीच्या टाकीत असंच ऑइल ओततात. मात्र त्यांची गाडी स्कूटर नाही. ती आहे २५५ अश्वशक्तीची, दोन टर्बो लावलेली स्पोर्ट्स कार, माझदा आरएक्स-७. तिचं इंजिन टू-स्ट्रोकही नाही. तरीही ऑइल का लागतं, हे कळलं की या गाडीची निगा कशी राखायची हे बरंचसं कळतं, आणि तिची ताकद वाढवायला निघालेल्यांची इंजिनं का फुटतात हेही.

मी बोलतोय ते तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ बद्दल. चॅसी कोड एफडी३एस, म्हणून सगळे तिला नुसतं ‘एफडी’ म्हणतात. ती १९९१च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. त्याच १९९१च्या जूनमध्ये माझदाची चार रोटरची ७८७बी ल मानची २४ तासांची शर्यत जिंकली होती. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. एफडीच्या बॉनेटखाली त्याच घराण्यातलं दोन रोटरचं इंजिन आहे, १३बी. अशा इंजिनाला रोटरी म्हणतात.

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, व्हॉल्व्ह उघड-मिट करतात आणि क्रँक त्या वर-खाली हालचालीला गोल फिरवतो. रोटरीत पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांसमोर आणा, मध्ये किंचित आवळलेली. हौसिंगची, म्हणजे इंजिनच्या कवचाची, आतली पोकळी जवळपास त्या आकाराची असते. त्यात फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण फिरतो, तोच रोटर. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे पडतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे मोठे-लहान होत जातात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येत असतं, दुसऱ्यात ते दाबलं जात असतं किंवा पेटत असतं, तिसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. सगळं एकाच वेळी, गोल गोल.

रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. मीटरवर ८००० आरपीएम दिसत असतील तेव्हा रोटर स्वतः जेमतेम २७००च्या आसपास फिरत असतो. थांबून पुन्हा उलटं जाणारा एकही जड भाग नसल्यामुळे हे इंजिन इतकं तलम फिरतं की काटा लाल रेघेपर्यंत कधी पोहोचला ते कानाला कळत नाही, म्हणून तिथे बझर वाजतो. प्रत्येक कप्पा ६५४ सीसीचा आणि रोटर दोन, म्हणजे कागदावर हे इंजिन १३०८ सीसीचं. जपानचं कर खातं मात्र रोटरीच्या आकड्याला दीडने गुणतं.

ही कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल याची. १९६१ साली हिरोशिमातल्या माझदाने, तेव्हाच्या तोयो कोग्योने, जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते कामाला लागले. सुरुवातीला इंजिन काही तास चालवून उघडलं की हौसिंगच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे उमटलेले असायचे. त्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. रोटरच्या टोकावरची पट्टी भिंतीवरून घसरताना थरथरायची आणि भिंत खरवडायची. पट्टीचा आकार बदलला, धातू बदलला, कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण करून पाहिलं, तेव्हा कुठे ओरखडे थांबले. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. बाकीच्या कंपन्यांनी हळूहळू रोटरीचा नाद सोडला, माझदाने सोडला नाही.

ती पट्टी म्हणजे एपेक्स सील. एकदा उघडलेल्या १३बीमधलं एक सील मला हातात घ्यायला मिळालं. जाडी दोन मिलिमीटर, लांबी आठ सेंटिमीटर, खाली कमानीसारखी वाकलेली एक पातळ स्प्रिंग. वजन जवळजवळ जाणवतच नाही. इंजिनची सगळी ताकद या एवढ्याशा सहा पट्ट्यांच्या भरवशावर उभी आहे. पिस्टन इंजिनात रिंगा असतात तसं हे सील. फरक इतकाच की रिंगेला खालून क्रँककेसमधलं ऑइल मिळत राहतं, या पट्टीला कुठूनच मिळत नाही. ती जळत्या पेट्रोलच्या मधून कोरडी घसरते.

म्हणून माझदाने इंजिनला एक छोटा पंप बसवला. तो इंजिन ऑइलच मोजून-मापून थेंबाथेंबाने आत सोडतो. ते सीलला आणि भिंतीला ओलावा देतं आणि जळून जातं. म्हणजे ठणठणीत रोटरीसुद्धा ऑइल खाते, खायलाच हवं. दुसऱ्या गाडीत ऑइलची पातळी उतरली की आपण घाबरतो. इथे ती महिनोन् महिने जराही उतरली नाही तर घाबरावं, कारण मग पंप बंद पडलेला असू शकतो. दर दोन टाक्यांमागे डिपस्टिक बघायची, एवढा साधा नियम.

इंजिन ऑइल जळायला बनवलेलंच नसतं. ते मागे काजळी सोडतं आणि काजळीने सील खाचेत अडकतात. टू-स्ट्रोक ऑइल स्वच्छ जळतं. म्हणून काही लोक पंप तसाच ठेवून टाकीत थोडं टूटी ऑइलही टाकतात. काही जण पंपच काढून टाकतात आणि पूर्ण भिस्त मिश्रणावर ठेवतात. लिटरमागे साधारण ८ मिली, स्कूटरपेक्षा बरंच कमी. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीतला पंप काढू नये. माणूस एखाद्या दिवशी घाईत ऑइल टाकायला विसरतो, पंप विसरत नाही.

ऑइलनंतर येते उष्णता, आणि एफडीचं खरं दुखणं तेच आहे. पिस्टन इंजिनात ज्या जागी पेट्रोल पेटतं, तिथेच पुढच्या फेऱ्यात थंड हवा येते. तेवढ्या वेळात ती जागा श्वास घेते. रोटरीत असं होत नाही. हौसिंगच्या एका बाजूला कायम थंड हवा येते, दुसऱ्या बाजूला कायम जाळ. तापणारी बाजू तापतच राहते. शिवाय इंजिनची बांधणी सँडविचसारखी. लोखंडी प्लेट, अ‍ॅल्युमिनियमचं हौसिंग, पुन्हा लोखंडी प्लेट, पुन्हा हौसिंग, पुन्हा प्लेट, आणि या सगळ्या थरांतून आरपार जाणारे लांब बोल्ट. प्रत्येक थराच्या मध्ये कूलंट अडवणारी रबरी रिंग. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम सारखं फुगत नाहीत. एकदा जरी गाडी जोरात तापली तरी ती रिंग चेपते, करपते आणि कूलंट जळणाऱ्या कप्प्यात शिरायला लागतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत असतील, दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. त्यावर वरून कसलाही लेप चालत नाही. इंजिन उतरवून उघडावंच लागतं.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे गाडीचा मूळ टेंपरेचर काटा. तो मधोमध जाऊन बसतो आणि तापमान बरंच वर चढलं तरी तिथून हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एफडी घेतल्यावर पहिला खर्च टर्बोवर किंवा सायलेन्सरवर करायचा नाही. आकडा दाखवणारं पाण्याच्या तापमानाचं वेगळं मीटर आधी लावायचं. दुसरा खर्च कूलंटमधली हवा वेगळी करणाऱ्या छोट्या टाकीवर. मूळ टाकी प्लास्टिकची आहे. वर्षानुवर्षं इंजिनच्या धगीत राहून ती पिवळी पडते, ठिसूळ होते आणि जोडावर तडकते. भर रस्त्यात तडकली की मिनिटभरात सगळं पाणी खाली. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवायची. ज्याने आधीच बसवली असेल त्या मालकाने गाडी जिव्हाळ्याने वापरली असण्याची शक्यता जास्त. मग चांगला रेडिएटर, नवे होज, पंखा लवकर सुरू करणारा स्विच. या गाडीत ऑइलही कूलंटइतकंच महत्त्वाचं, कारण रोटर आतून ऑइलनेच थंड होतो. ऑइल कूलरसमोरची जाळी पाला-कचऱ्याने बुजलेली नको.

तिसरी गोष्ट रबराची. एफडीला दोन टर्बो आहेत, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे पंखे, आणि ते पाळीपाळीने चालतात. कमी आरपीएमला एकच टर्बो सगळा धूर घेतो आणि लवकर दाब तयार करतो. ४५००च्या आसपास दुसरा त्याच्या जोडीला येतो. ही अदलाबदल घडवून आणण्यासाठी झडपा आहेत, झडपा हलवायला सोलेनॉइड आहेत, आणि त्या सगळ्यांना जोडणारे डझनावारी बारीक व्हॅक्यूम होज इनटेकखाली एकमेकांत गुंतलेले आहेत. इंग्रजीत त्याला ‘उंदराचं घरटं’ म्हणतात, आणि वरून पाहिलं तर खरंच तसंच दिसतं. तीस वर्षांत हे रबर दगडासारखं कडक होतं. एखादा होज टोकाला चिरला तरी ४५००ला गाडी धक्का देते, दाब पडतो, पिकअप मरतो. मालकाला वाटतं टर्बो गेला. प्रत्यक्षात बोटभर लांबीची नळी गेलेली असते. सगळे होज काढून सिलिकॉनचे घालणं हे दोन-तीन दिवसांचं, बोटं सोलवटून काढणारं काम आहे. कंटाळून बरेच जण ही व्यवस्थाच काढतात आणि एक मोठा टर्बो लावतात. मला ते पटत नाही. खालून लगेच ओढणारी आणि वर पुन्हा एकदा जोर धरणारी ही जोडी नीट चालत असेल तर शहरात आणि घाटात तिच्यासारखी मजा मोठ्या टर्बोला येत नाही. रेसट्रॅकचं गणित वेगळं.

आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. गार इंजिन सुरू करून, गाडी दहा फूट मागे-पुढे करून लगेच बंद करायची नाही. थंडपणी आत पेट्रोल जास्त पडतं. ते भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन टाकतं, सीलला पकड मिळत नाही आणि गाडी पुन्हा सुरूच होत नाही. पार्किंगमध्ये शेजाऱ्याला जागा करून देताना किती तरी रोटरी अशा अडकल्या आहेत. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारत जादाचं पेट्रोल बाहेर काढावं लागतं. त्यापेक्षा सुरू केली की पूर्ण गरम होऊ द्यावी, हे सोपं.

आता ताकदीकडे येऊ. इथे मला माझ्या मावसभावाची हकिगत सांगायला हवी. तो मेलबर्नला असतो. कितीतरी वर्षं पैसे साठवून त्याने एफडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात मोठा, मोकळा एक्झॉस्ट बसवला. आवाज सुंदर झाला. तिथे जुलैत थंडी असते. एका रात्री हायवेवर त्याने तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, काटा रोजच्या ०.७ बारवर थांबायचा, तो १ बारच्या पुढे गेला. मग ‘फट्’ असा एकच आवाज, आणि इंजिन एका रोटरवर लंगडायला लागलं. गाडी टोइंगवर घरी आली.

झालं काय? टर्बोचा दाब ताब्यात ठेवायला वेस्टगेट नावाची झडप असते, ती जादाचा धूर टर्बोला चुकवून बाहेर सोडते. मूळ सायलेन्सर अरुंद आहे, म्हणून मूळ वेस्टगेटही लहानच ठेवलेली आहे. एक्झॉस्ट मोकळा केल्यावर धूर इतका सहज वाहू लागला की लहान झडप पुरी पडेना. टर्बो ठरल्यापेक्षा जोरात फिरला. त्यात थंड रात्रीची हवा घट्ट, म्हणजे आणखी जास्त हवा आत. हवा वाढली, पेट्रोल मात्र कंपनीने ठरवलं होतं तेवढंच. मूळ कंप्युटर असा दाब चढला की पेट्रोल तोडून इंजिन वाचवायला बघतो. पण आधीच्या कुठल्या तरी मालकाने त्याला गप्प करणारी छोटी डबी वायरिंगमध्ये बसवून ठेवली होती. भावाला तिचा पत्ताच नव्हता.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण फार तापतं आणि ठिणगीची ज्योत पोहोचायची वाट न बघता उरलेल्या मिश्रणाचा आपोआप स्फोट होतो. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग सहन करतं, टकटक आवाज करून इशारा देतं. रोटरीत एकच जोराचा फटका दोन मिलिमीटरच्या पट्टीवर बसतो आणि ती तुटते. तुटलेला तुकडा भिंत खरवडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाताना टर्बोची पाती घेऊन जातो. भावाच्या हौसिंगवर तिरका, नख अडकेल इतका खोल ओरखडा होता. नवं हौसिंग, नवे सील, दुरुस्त केलेला टर्बो. एक्झॉस्टच्या किमतीपेक्षा किती तरी पट खर्च झाला.

म्हणून ताकद वाढवताना क्रम महत्त्वाचा. श्वास मोकळा करायचा असेल तर जेवणही वाढवावं लागतं, आणि ते वाढवायच्या आधी ते मोजता आलं पाहिजे. एफडीला चार इंजेक्टर आहेत. दोन ५५० सीसीचे, दोन ८५० सीसीचे, हा आकडा मिनिटाला जास्तीत जास्त किती पेट्रोल देता येतं त्याचा. माफक वाढीला ते पुरतात, पण त्यांनी कधी किती पेट्रोल सोडायचं हे नव्याने ठरवावं लागतं. त्यासाठी प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, लागतो. जपानी अ‍ॅपेक्सी कंपनीचा पॉवर एफसी हे या गाडीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेलं नाव आहे. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावला की हवा आणि पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दिसतं. कागदावर पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. पूर्ण बूस्टवर रोटरीचे ट्यूनर ११ भागांच्या आसपास राहतात. थोडं पेट्रोल वाया गेलं तरी चालेल, ते आतून गारवा देतं. टर्बोतून येणारी हवा थंड करणारा मूळ इंटरकूलर छोटा आहे, दोन-तीन जोरदार ओढींनंतर तो स्वतःच तापून बसतो. मोठा लावला तर त्याच बूस्टवर हवा थंड आणि घट्ट मिळते आणि नॉकिंगची भीती कमी होते.

आधी मीटर, मग पाण्याचा गारवा, मग इंटरकूलर आणि ईसीयू, आणि त्यानंतरच एक्झॉस्ट. मोकळा एक्झॉस्ट लावला की वेस्टगेटचं भोक मोठं करून घेणं हे त्याच कामाचा भाग समजायचं. आवाजाच्या मोहाने लोक नेमकं शेवटचं काम पहिलं करतात, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लवकर ऐकू येणारं आहे. त्यांचा उत्साह मला समजतो. पण गाडी वाचवायची असेल तर तो थोडे दिवस आवरावा.

याच्यापुढे जाणारे पोर्टिंग करतात. पिस्टन इंजिनात हवा केव्हा आत येईल हे कॅमशाफ्ट ठरवतो. रोटरीत प्लेटमधलं भोकच ते ठरवतं, रोटर त्याच्यावरून सरकला की ते उघडतं, झाकलं गेलं की बंद. म्हणजे ग्राइंडरने भोकाची कड दोन-चार मिलिमीटर सरकवली की वेगळा कॅम बसवल्यासारखंच झालं. स्ट्रीट पोर्टमध्ये मूळ भोक मोठं करतात. ब्रिज पोर्टमध्ये त्याच्या शेजारी दुसरी फट काढतात, मध्ये एक बारीक पूल ठेवून. ब्रिज पोर्टची गाडी सिग्नलला ‘ब्रॅप-ब्रॅप’ करत थरथरते, वरच्या आरपीएमला वेड्यासारखी ओढते आणि पेट्रोल पाण्यासारखं पिते. चुकून जास्त घासलेली प्लेट परत भरता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीला स्ट्रीट पोर्टच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेक, टायर, सस्पेंशनची रबरं तीस वर्षांच्या गाडीत बदलायचीच, त्यात चर्चा नाही. एफडीच्या मागच्या सस्पेंशनमध्ये रबराऐवजी धातूचे गोलक आहेत, ते झिजले की खड्ड्यात टकटकतात. जपानमध्ये दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही तपासणी असते. जमिनीपासूनची उंची, आवाज, धूर सगळं मोजतात, त्यामुळे तिथल्या मालकाला बदल करताना मर्यादा आपोआप कळतात. आपल्याकडे इतकी जुनी गाडी आयात करून रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरबदल करू देत नाही. त्यामुळे एफडीचे मराठी मालक भेटतात ते बहुतेक परदेशात.

आरएक्स-७ नंतरची रोटरी गाडी आरएक्स-८ २०१२ साली बंद झाली, त्यानंतर रोटरी संपली असंच वाटलं होतं. पण माझदाने जुन्या आरएक्स-७चे काही भाग पुन्हा बनवायला घेतले, आणि २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीत बॅटरी चार्ज करायला एका रोटरचं नवं इंजिन आलं.

आता कोणी एफडी घ्यायला निघालं तर माझा एकच आग्रह असतो, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक कप्पा किती दाब धरतो ते मोजणं. साधा पिस्टनचा गेज चालत नाही. तो तिन्ही कप्प्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि बाकीचे दोन लपवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन आकडे देतो. तो मिळत नसेल तर गेजची झडप काढायची, प्लगच्या भोकात गेज लावायचा, दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबून स्टार्टर मारायला सांगायचं आणि कान द्यायचा. फुस्-फुस्-फुस्, तिन्ही सारखे आले तर रोटर धड आहे. तीनांतला एकच फुसका आला तर बाजूचं सील संशयित. दोन फुसके आणि एक दमदार आला तर एपेक्स सील गेलेलं आहे, कारण ती पट्टी दोन कप्प्यांच्या मध्ये उभी असते आणि पडते तेव्हा दोघांना घेऊन पडते. मग मागच्या रोटरवर पुन्हा तेच. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि इंजिन गरम.